अण्णांच्या कागदांची मागची बाजू

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चार माणसं एका खोलीत जुने कागद वेगळे करायला बसली की ते आपोआप साचतात. सकाळी काढलेला गठ्ठा संध्याकाळी तिथेच असतो, किस्से मात्र वाढलेले असतात! आमचं तसंच झालं. मला रोज डायरी लिहायची सवय आहे. कुणी शिकवली नाही, लागली. त्यामुळे कोण काय बोललं ते जवळजवळ जसंच्या तसं माझ्याकडे आहे. हसण्यासारखं बरंच आहे. हसून झाल्यावर तोंड कडू होतं, त्याला माझा इलाज नाही.

कागद होते अण्णा टिल्लूंचे. अण्णा आधी तबलावादक, मग टीव्ही केंद्रावर प्रोड्यूसर. इंदूरच्या सुदामा नगरात आमच्या शेजारी राहायचे. ते गेले आणि त्यांच्या मुलानं, निखिलनं, घर बिल्डरला दिलं. काकूंना दिवाळीनंतर त्याच्याकडे बंगळुरूला जायचं होतं. काकू कशालाच नाही म्हणाल्या नाहीत. घर पाडा म्हणाल्या, सोफा विका म्हणाल्या. अट एकच.

"ह्यांचे कागद रद्दीत नाही जाणार. आणि तुकडे होऊन पण नाही जाणार. सगळेच्या सगळे एका जागी राहतील. कुणी बघायला आला तर त्याला समजलं पाहिजे, हा माणूस होता कोण!"

म्हणून दर रविवारी आम्ही तिघं काकूंकडे. मी, बंडूभिया, म्हणजे केंद्रावरचे अण्णांचे कॅमेरामन, आता रिटायर, आणि प्राची, नाशिकहून नोकरीसाठी आलेली, सिमरोलकडच्या एका कॉलेजात लायब्ररियन. प्राचीचं मराठी धुतल्यासारखं स्वच्छ, बंडूभियांचं अर्धं हिंदी. मध्ये दुभाषी मी.

* * *

अण्णा केंद्रावर रुजू झाले तो किस्सा बंडूभिया दर रविवारी सांगायचे आणि आम्ही दर रविवारी ऐकायचो.

पहिल्याच दिवशी साहेबांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. समोर फाइल, फाइलमध्ये अण्णांचा सगळा इतिहास. कुठल्या मैफिलीत कुणाला साथ केली वगैरे. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"टिल्लूजी, एक बात बताइए. आप प्रोड्यूसर हैं कि तबलची?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "साहब, काम एक ही है. बेसुरा कोई और होता है, सँभालना हमको पड़ता है."

साहेब हसले नाहीत. त्याच संध्याकाळी अण्णांना शेतीचा कार्यक्रम मिळाला!

आणि पुढची कित्येक वर्षं तोच राहिला.

* * *

प्राची पहिल्यांदा आली त्या दिवशीची गोष्ट. तिनं पहिला गठ्ठा सोडला. वरच्या कागदावर टाइप केलेलं, "सोयाबीन पर कीट नियंत्रण, विशेषज्ञ से चर्चा, अवधि आधा घंटा." तिनं नीट टिपून घेतलं. कागद उलटला. मागे पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, धिट धिट धागे तिट, अशा ओळीच्या ओळी.

दुसरा कागद. पुढे "गाय-भैंस का टीकाकरण", मागे ताकिट धा. तिसऱ्याच्या पुढे गोबरगॅस, मागे तिहाई.

प्राचीनं बराच वेळ विचार केला. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "काकू, अण्णा किडींना तबला ऐकवायचे का?"

काकू इतक्या हसल्या की पाणी आणावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, केंद्रावर एका बाजूला छापलेले कागद फेकून द्यायचे ना, ते हे घरी आणायचे. कार्यक्रम चालू आहे, विशेषज्ञ बोलून राहिला आहे, आणि ह्यांच्या डोक्यात तबल्याचा कायदा चालून राहिला आहे! हाताला जो कागद लागेल त्याच्या मागे लिहायचे."

तर असे ते कागद. पुढून प्रोड्यूसर, मागून तबलजी. कात्रीनं कापता येत नाही असा माणूस!

* * *

आता हे कागद द्यायचे कुणाला? आधी आम्ही एका संगीत महाविद्यालयात गेलो. तिथल्या विभागप्रमुख बाईंनी दोन-तीन कागद उलटेपालटे केले.

"पीछे वाला तो ठीक है. आगे ये मुर्गीपालन क्यों है?"

मी समजावलं. त्यांनी मान डोलावली. "देखिए, थे तो वो टीवी वाले. शौक़िया बजा लेते होंगे."

मग एका पत्रकारिता विभागात गेलो. तिथल्या सरांनी पुढची बाजू वाचली, मागची बघून नाक मुरडलं. "प्रोडक्शन पेपर तो अच्छे हैं, पर सब पर कुछ घिस रखा है. असल में वो म्यूज़िशियन आदमी थे ना, इत्तेफ़ाक़ से प्रोड्यूसर बन गए."

बंडूभियांना राहवलं नाही. "तो सर, ऐसा करें? आगे का छिलका आप रख लो, पीछे का उनको दे दें?"

सरांनी खरोखरच विचार केला! म्हणाले, "हो सकता है क्या ऐसा?"

घरी येऊन काकूंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लग्न ठरलं तेव्हा आमच्या बाबांनी पण हेच विचारलं होतं. मुलगा नक्की करतो काय? बाबा गेले, मुलगा गेला, उत्तर अजून कुणाला येत नाही."

* * *

एक अगदी लहान किस्सा, बंडूभियांचाच.

अण्णांना पुढे संगीताचा कार्यक्रमही मिळाला होता, शेतीच्या जोडीला. तेव्हापासून दिवाळीला घरात मिठाईचे डबे ठेवायला जागा नसायची. गायक, वादक, त्यांचे शिष्य, शिष्यांचे वडील. सगळ्यांचे "अण्णाजी, चरणस्पर्श!"

रिटायर झाल्यावरच्या पहिल्या दिवाळीला बंडूभिया भेटायला गेले. टेबल मोकळं.

"अण्णा, यंदा डबे नाही आले?"

"बरं झालं रे," अण्णा म्हणाले, "शुगर वाढली होती. डॉक्टरपेक्षा सरकारनं लवकर बंद केली!"

* * *

त्यातल्याच एका नामवंत गायकाला प्राचीनं फोन लावला. अण्णांनी त्यांना तरुणपणी साथ केली होती, पुढे पडद्यावरही आणलं होतं. संग्रहासाठी दोन ओळी लिहून द्याल का, एवढंच विचारायचं होतं. फोन स्पीकरवर होता, काकू समोर बसलेल्या.

"कौन टिल्लू?"

प्राचीनं सांगितलं.

"अच्छा अच्छा, वो! हाँ, बड़े भले आदमी थे. कार्यक्रम देते थे."

"आणि तबला, सर? आपके साथ बजाते थे?"

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. मग, "बेटा, साथ तो बहुत लोगों ने की. सबकी शकल थोड़ी याद रहती है, हम तो सामने देखकर गाते हैं ना!"

काकूंनी स्वतःच हात लांब करून फोन बंद केला. "खरं बोलला," म्हणाल्या. "समोरच बघायचा. ह्यांच्याकडे बघून गायला असता तर तालात गायला असता."

* * *

निखिल वाईट मुलगा नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. एकदा म्हणाला, "आई, सगळं कशाला ठेवता? त्यातलं महत्त्वाचं तेवढं काढा ना."

काकूंनी गठ्ठ्यातून एक कागद ओढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. "हे महत्त्वाचं का?"

निखिलनं वाचलं. "छोटा परिवार, सुखी परिवार. सजीव प्रसारण. नाही गं आई, ह्यात काय आहे?"

काकूंनी कागद उलटला. "आणि हे?"

"ते मला वाचता येत नाही."

"मला पण नाही सगळं. पण खाली तारीख आहे बघ. तुझा वाढदिवस आहे. मी दवाखान्यात, तू होऊन राहिला आहेस, आणि हे स्टुडिओत छोटा परिवार करून राहिले आहेत! बातमी कळली तर उठता येईना, लाइव्ह होतं. म्हणून हे बनवलं, तिथेच बसून." काकूंनी कागद पुन्हा पुढून दाखवला, पुन्हा मागून. "इकडून बघितलंस तर बाबा नव्हते. इकडून बघितलंस तर होते."

निखिलनं स्क्रीन जवळ ओढली. मग हळूच म्हणाला, "ठेव आई. ते एक ठेव."

"एकच?"

कॉल कट झाला. नेटवर्क गेलं असेल. आम्ही तसंच धरून चाललो.

* * *

शेवटी एक संस्था मिळाली. नाव घेत नाही, घेण्यासारखं त्यांनी काही केलं नाही. संचालक स्वतः घरी आले. काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती, वर बारीक सेव. त्यांनी दोनदा घेतली. कागद पुढून बघितले, मागून बघितले आणि म्हणाले, "अद्भुत! माताजी, आगे-पीछे दोनों, एक साथ, एक ही जगह. ये हमारा वचन है. सब डिजिटल हो जाएगा. टिल्लूजी अमर हो जाएँगे."

काकू त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही हात जोडून उभ्या राहिल्या. मी त्यांना इतकं हलकं कधी बघितलं नव्हतं. गाडी गेल्यावर देवापाशी साखर ठेवली.

प्राचीनं आधीच विचारलं होतं, आम्ही एकदा फोटो काढून ठेवू का सगळ्यांचे? संचालक हसले. "मैडम, पहले आप निकाल लेंगी तो हमारे संग्रह की वैल्यू क्या रहेगी?"

बंडूभिया गाडीच्या धुराळ्याकडे बघत म्हणाले, "अमर व्हायला पहिले मरावं लागतं. ते अण्णांनी करून दिलं. आता बाकीचं हे करतील."

मी त्यांना रागावले. नेहमी काय वाकडं बोलायचं!

* * *

कागद जायच्या आधी प्राचीला अनुक्रम लावायचा होता. मागच्या बाजूला अण्णांनी वर लाल शाईनं एक शब्द लिहिलेला असायचा. एका कागदावर "भरी", पुढच्यावर "खाली". भरी, खाली, भरी, खाली. प्राचीनं आपल्या यादीत काय लिहावं? "लेखकाने खाली पाहण्याचा निर्देश केला आहे. खाली काही आढळले नाही."

बंडूभिया खुर्चीवरून पडायचे राहिले. "प्राचीजी, इंदुरात रिक्षावाला खाली म्हणाला तर काय रिक्षेच्या खाली वाकून बघाल?"

"म्हणजे?"

"म्हणजे रिकामी आहे, बसा!"

प्राची आणखीनच गोंधळली. "पण हे कागद रिकामे कुठे आहेत?"

काकूंनी तिला जवळ बसवलं. "तू ह्या बंडूभियांचं नको ऐकू. अगं, तालात टाळी असते तशी खाली असते. टाळीला टाळी वाजवायची. खालीला वाजवायची नाही, नुसता हात उलटा करून बाजूला न्यायचा. कायद्यात पण तसंच. आधी भरी, डग्गा खुला. मग खाली, डग्गा बंद. सगळे खालीत भरीचंच झाकून वाजवतात. हे नाही वाजवायचे. हे खालीत दुसरंच काहीतरी ठेवायचे. म्हणायचे, भरीत कुणीही बोलतं. माणसाची अक्कल खालीत कळते."

प्राचीनं यादीतली ओळ खोडली आणि कागद त्या क्रमानं लावले. एका भरीमागे तिची खाली. खोकी बांधली. त्यांची गाडी आली, खोकी गेली.

* * *

दिवाळीच्या आधी प्राचीला संस्थेत बोलावलं, संग्रह तपासायला. कॉम्प्युटरवर सगळं सुंदर दिसत होतं. सोयाबीन होतं, गाय-भैंस होती, छोटा परिवार होता. मागच्या बाजू होत्या. भरी, भरी, भरी, भरी.

प्राचीला वाटलं क्रम चुकला असेल. तिनं स्कॅनिंगच्या ठेकेदाराला विचारलं, खालीची पानं कुठे आहेत?

"कौन सी मैडम?"

"जिन पर खाली लिखा था."

"हाँ तो वो तो खाली थे ना," तो म्हणाला. "हमको लिखित में ऑर्डर है, खाली पन्ने स्कैन नहीं करना, स्पेस खाता है. और मैडम, हमने मशीन के भरोसे नहीं छोड़ा. एक-एक पन्ना आँख से देखा है. जिस पर खाली लिखा मिला, उसकी पीठ को हाथ भी नहीं लगाया!"

त्यात पेन्सिलीतलं लिखाण फिकट. लाल शब्द मात्र ठळक. बिचाऱ्यानं हुकूम तंतोतंत पाळला होता.

प्राची धावत संचालकांकडे गेली. मूळ कागद द्या, आत्ता, आम्ही स्वतः करतो.

संचालक खूश होते. "ओरिजिनल? वो तो स्कैन के बाद सूखे कचरे में दे दिए, रीसाइक्लिंग के लिए. अपना इंदौर है मैडम, सफ़ाई में नंबर वन! एक कागज़ बेकार नहीं गया."

प्राची समोरच्या खुर्चीत बसली. तिनं कशीबशी खालीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "अरे, खाली का क्या है. भरी है ना? उसी को दबाकर बजा दो, खाली निकल आती है. कोई भी निकाल लेगा."

हे काकूंना कोण सांगणार? बंडूभिया, ज्यांचं तोंड आयुष्यात बंद झालं नाही, त्या दिवशी अंगणात उभे राहून मोटरसायकलचा आरसा पुसत बसले. शेवटी मीच सांगितलं. काकूंनी सगळं ऐकलं. एकदाच विचारलं, "भरी सगळी आहे?"

"हो."

"आणि त्याच्या पुढे परत भरीच?"

"हो, काकू."

"अरे देवा," काकू म्हणाल्या, "माणूस श्वास कुठे घेणार?"

* * *

आणि मग लोकार्पण. काकू येणार नाहीत असं आम्हाला वाटलं होतं. निखिल फोनवर म्हणाला, आई, जाऊ नकोस, केस करू. काकू म्हणाल्या, केस कुणावर करतोस, शब्दावर? आणि ठेवणीतली साडी नेसून तयार झाल्या.

हॉल भरलेला. मोठ्या पडद्यावर अण्णांचा फोटो. काकूंना स्टेजवर मधल्या खुर्चीत बसवलं, शाल दिली, नारळ दिला. संचालकांचं भाषण झालं. "टिल्लूजी का एक-एक शब्द अब सुरक्षित है!" टाळ्या. ते नामवंत गायकही आले होते. त्यांना अण्णा आता स्वच्छ आठवत होते. "मेरे अभिन्न साथी!" टाळ्या.

मग संस्थेच्या संगीत विभागातले एक वादक तबला घेऊन बसले. पडद्यावर अण्णांच्या अक्षरातलं पान आलं. निवेदकानं सांगितलं, टिल्लूजींची ही रचना आज पहिल्यांदाच लोकांसमोर येते आहे. मी आणि प्राचीनं पान ओळखलं. निखिलच्या वाढदिवसाचं.

वादकाचा हात चांगला होता. त्यांनी भरी वाजवली. संपली. पडद्यावर पुढचं पान आलं, त्यातलीही भरी वाजवली. मग त्याच्या पुढची. दणदणीत, एकामागून एक, कुठे उसंत नाही. लोक माना डोलवत होते. काकू गुडघ्यावर ताल धरून बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांचा हात थांबला.

वाजवणं संपलं. हॉलनं छप्पर डोक्यावर घेतलं. निवेदक काकूंकडे वळला. "माताजी, दो शब्द?"

बंडूभियांनी माझा हात धरला. "दीदी, आज काकू ह्यांना सोडत नाही!"

काकू उठल्या. सावकाश माइकपाशी गेल्या. शाल नीट केली. संचालकांकडे बघितलं, गायकाकडे बघितलं, मग पडद्याकडे.

काकू एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी उजवा हात वर उचलला, तळवा उलटा केला, आणि हळूच बाजूला नेला.

मग खुर्चीकडे परत फिरल्या.

निवेदकाला गहिवरून आलं. तो माइककडे झेपावला. "माताजी का आशीर्वाद मिल गया! अब ज़ोरदार तालियाँ हो जाएँ!"

आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला.